ओठांवरची हरकत

धोट्याला डोळे होते. बशीएवढे पांढरे डोळे, त्यांत निळ्या बाहुल्या, शिवाय पांढरे हातमोजे घातलेले दोन हात. आणि त्या हातांनी त्याने दोघी म्हाताऱ्या बहिणींतल्या मोठीला मिठी मारली. मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात ती केव्हाची उभी होती, खरा धोटा पोटाशी धरून. लाकडी, वापरून वापरून काळा कुळकुळीत झालेला, दोन्ही टोकांना लोखंडी नाक, पोटात सुताची कांडी बसवायची खाच आणि कडेला धागा बाहेर काढायचं इवलंसं भोक. गिरणीतल्या साच्यात, म्हणजे मागात, तो उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावायचा तेव्हा नजरेला फक्त एक रेघ दिसायची. आणि हा समोरचा तिच्याहून हातभर उंच, स्पंजाचा, डुलत डुलत आलेला. आत कुणीतरी घामाने निथळत होतं. "आजी, एक फोटो! मी धोटू, टीमचा धोटू!" अगदी कानाशी बोलला म्हणून ऐकू आलं. ती दचकली, पण मिठीने नाही. धोटूला तोंड होतं, या कानापासून त्या कानापर्यंत हसणारं, लाल कापडाचं, शिवून टाकलेलं. बोलणं ऐकू येत होतं आणि तोंड हलत नव्हतं. उभा जन्म तिने याच्या बरोब्बर उलट पाहिलं होतं.

तोंड हलतंय आणि आवाज नाही. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालू असत तेव्हा तिथे आवाज उरतच नसे, नुसता थरार असे. तो जमिनीतून टाचांत, टाचांतून गुडघ्यांत आणि तिथून दातांत येऊन बसे. नव्या मुली पहिल्या दिवशी एकमेकींच्या कानात ओरडत आणि संध्याकाळी घसा धरून घरी जात. मग कुणीतरी जुनी बाई हनुवटी धरून त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवी. ओरडू नकोस, दाखव. 'आ' म्हणजे आ. ओठ पुढे काढ, दात दिसू देत, जीभ कुठे लागते ते समोरचीला कळू दे. महिन्याभरात मुलगी खात्याच्या या टोकाहून त्या टोकाला चहा झाला का म्हणून विचारू लागे, आणि वर्षभरात जॉबरच्या पाठीमागे त्याच्या टकलावर सबंध रांग हसे. जॉबर म्हणजे साचे दुरुस्त करणारा, खात्यातला त्यांचा साहेब. तो वळून बघे तर सगळ्या गंभीर, धाग्यात नजर. मोठी आणि धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी, समोरासमोरच्या साच्यांवर होत्या. आईच्या आजारपणात त्या तिथेच भांडल्या. घर कुठलं घ्यायचं ते तिथेच ठरलं. मोठीने मूल होणार असल्याचं पहिल्यांदा सांगितलं तेही तिथेच, आणि धाकटी एवढ्या जोरात हसली की तिचा धागा तुटला. त्या हसण्याचा आवाज कसा होता कोण जाणे. मोठीने तो ऐकलाच नव्हता. पाहिला होता.

त्या बोलीत एक गोष्ट फार वाईट मानली जाई: तोंडावर तळहात ठेवणं. रागाने पाठ फिरवली तर ती कामासाठीही असू शकते. पण समोर उभं राहून, डोळ्यात डोळे घालून तोंडावर हात ठेवायचा म्हणजे माझ्याकडचं सगळं बोलणं तुझ्यापुरतं संपलं. नवरा-बायकोंत असं झालेलं तिने पाहिलं होतं, आणि त्या घरातला पुढचा सगळा हिवाळाही पाहिला होता. धाकटीने तो हात तिच्यासमोर जन्मात धरला नव्हता. गेल्या आठवड्यात धरला. दोघी अजून एकाच घरात राहतात, लाइनीतल्या, म्हणजे गिरणी कामगारांच्या चाळीतल्या, दोन खोल्यांत, मागे कपडे वाळत घालायची मोरीएवढी जागा. आता भाजी चिरताना हात मोकळा नसतो म्हणून तेवढ्यापुरतं धाकटी तोंड उघडं ठेवते, पण ओठ घट्ट. मोठी आली की सुरी खाली, हात तोंडावर. रात्रीचा दिवाही एका हाताने मालवते, दुसरा तोंडावर. मोठीने एकदा चिडून म्हटलं, "जेवताना काय करशील गं?" तर धाकटीने ताट उचललं आणि मोरीपाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून जेवली. हसू यावं अशी गोष्ट. मोठीला हसूही आलं, आणि मग तिनेही ताट बाजूला सारलं.

"आजी, दोन मिनिटं हं." प्रकल्पबाई आली. तिचं खरं पद मोठं लांबलचक होतं. लाइनीत सगळे तिला प्रकल्पबाईच म्हणत. तिने मोठीच्या कॉलरवर दिसण्यापुरता माइक अडकवला, तिचा रुमाल सारखा केला, खांद्यावरचं काहीतरी झटकलं. बाई वाईट नव्हती. तिच्या हाताला एक घाई होती, पण आपुलकीची घाई. "घाबरायचं नाही. कप्तान समोर येईल, तुम्ही धोटा त्याच्या हातात द्यायचा, की फटाके. बोलायचं काहीच नाहीये. बोलणं आपण आधीच रेकॉर्ड केलंय ना, छान आवाजात. तुम्ही फक्त ओठ हलवा."

तुम्ही फक्त ओठ हलवा. मोठीने तिच्याकडे पाहिलं, ही थट्टा करते आहे की काय म्हणून. नव्हती करत. मागच्या आठवड्यात त्यांनी मोठीचा आवाज घेऊन पाहिला होता खरा, काचेच्या एका खोलीत. साचेखात्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेला आवाज तो. गंज चढलेला, मध्येच दोन तुकडे होणारा. शिवाय कापसाची धूळ. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचा धागा धोट्याच्या त्या इवल्याशा भोकातून बाहेर काढायला तोंड लावून ओढायचा, सुर्रकन, एका श्वासात. धागा येई, धूळही येई, आणि आधीच्या पाळीच्या बाईच्या तोंडाची चवही. कुणी कांदा खाल्लाय ते सगळ्या खात्याला ठाऊक. त्या धुळीने मोठीचा घसा खरवडून ठेवला होता. काचेच्या खोलीतल्या माणसाने टोपी काढून कानामागे खाजवलं आणि म्हणाला, "आजी, थोडा गोड." मग कुणीतरी तरुण पोरगी बोलावली गेली आणि तिने मोठीच्या नावाने गोड आवाज दिला. ऐकताना मोठीला वाटलं, आपल्याला अशी मुलगी असती तर आवडली असती; फक्त तिने आपल्या वतीने बोलायला नको होतं.

इथे पूर्वी साचेखातं होतं हे तिला कुणी सांगायला नको. बोगद्यात उभी राहताच टाचांना कळलं. जमीन तीच, वर रबर आलं म्हणून काय झालं. ज्या बाजूने आता उजेड येतोय तिथे मोठं अंगण होतं, रंगखात्याच्या भिंतीपर्यंत. पलीकडे नाला. आज कुठल्या रंगाचं कापड निघतंय ते नाल्याच्या पाण्यावरून कळायचं. गुलाबी असलं की पोरं चेकाळायची. भोंगा बंद झाला, खाती बंद झाली, नाला काळा पडला, दुकानं एकेक करून फळ्या लावून बसली, आणि मग बरीच वर्षं इथे कुणीच आलं नाही. नंतर एकदम सगळे आले. नाल्याला निळे दिवे लावले, त्यात पायाने चालवायच्या होड्या सोडल्या आणि बसथांब्यावर पाटी आली: क्रीडातीर. धाकटीने पाटी वाचली आणि म्हणाली, "तीर? हा नाला पुढे पोलीस चौकीच्या मागे गटारात पडतो, तिथे काय म्हणणार? संगम?" तेव्हा ती बोलत होती.

पण मोठीला गवत आवडलं होतं, हे खोटं कशाला बोला. कुंपणाच्या फटीतून तिने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या पायांना हुक्की आली होती. कारण याच अंगणात त्या खेळल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत, वाया गेलेल्या सुताचा गच्च बांधलेला चेंडू, दोन बाजूंना कांड्यांच्या टोपल्यांचे गोल. धाकटी गोलकीपर; अंगाने काटकुळी, पण चेंडूवर अशी झेप घ्यायची जणू तो तिच्या घरातून चोरीला गेलाय. एकदा रंगखात्याच्या पुरुषांनी चिडवलं म्हणून सामना झाला. पुरुष आपले ओरडतायत, इकडे दे, तिकडे दे, मागे बघ. आणि या बायका गप्प. मैदानभर गप्प. चेंडू कुणाकडे जाणार ते ओठांवरून एकमेकींना कळतंय, आणि समोरच्यांना वाटतंय या नुसत्या दात विचकतायत. हरले बिचारे. निळ्या हातांनी कमरा धरून उभे राहिले. तो खेळ कुणी आणून दिला नव्हता. त्याला धोटू नव्हता. म्हणून परवा भाषणात 'या मृत परिसरात आम्ही खेळ आणला' असं कुणी म्हणालं तेव्हा मोठीला तिथेच उठून विचारावंसं वाटलं. तुम्ही आणलात? बरं. मग आम्ही काय करत होतो रे?

आणि सभा. तिथेच सगळं फसलं. शाळेच्या सभागृहात बोलावलं होतं सगळ्या लाइनीला, प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी. भिंतीवर नकाशा, नकाशावर लाइन नाहीच. तिच्या जागी हिरवी झाडं, चालायचा रस्ता आणि गाड्या लावायची जागा. लाइनीतल्यांना घरं मिळणार होती, पण शहराच्या पार कडेला, जिथे बस बदलून जावं लागतं. प्रकल्पबाईने समजावून सांगितलं, चांगलं सावकाश सांगितलं, आणि विचारलं, "कुणाची काही हरकत?" छताजवळ भलाथोरला पंखा घरघरत होता, हवा बाहेर फेकणारा. त्याची घरघर जमिनीतून टाचांत आली, टाचांतून गुडघ्यांत. आणि रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्या, जणू कुणी साचे चालू केलेत, आपोआप आवाजाशिवाय बोलू लागल्या. नाही. आम्ही जाणार नाही. हे घर माझ्या आईचं. तू सांग गं, तू मोठी आहेस. नाही म्हणजे नाही. चांगले ओठ पुढे काढून, दात दाखवून, एकीला दुसरी दुजोरा देत. धाकटी तर उभी राहून बोलली, हातवारे करून. प्रकल्पबाई त्यांच्याकडे बघत राहिली आणि हसली, लाजऱ्या माणसांकडे बघून हसावं तसं. मग म्हणाली, "छान. मग कुणाची हरकत नाही असं धरू या."

पंखा बंद झाला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. बाहेर पायऱ्यांवर एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. एक जण म्हणाली, "अगं, आपण मोठ्याने बोललोच नाही." आणि मग त्या हसल्या, इतक्या की एकीला पायरीवर बसावं लागलं. अशी चूक जगात दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही. मागाहून दोघी-तिघी कचेरीत जाऊन आल्या, पण 'तुम्ही तर सभेत होतात' एवढंच उत्तर. आणि त्यानंतरच्या आठवड्यात मोठीचा मुलगा घरी आला.

मुलगा मैदानावरच कामाला होता, ध्वनी बघायचा. वरच्या काचेच्या खोलीत त्याचं टेबल, त्यावर सरकपट्ट्या. कर्ण्यांमधून काय निघायचं आणि काय नाही ते त्याच्या बोटांवर. खाती बंद झाल्यापासून लाइनीतल्या कुणा पोराला घराजवळ काम मिळालं असेल तर ते त्याला. "आई, त्यांना धोटा हवाय. उद्घाटनाला. जुन्या विणकरांकडून नव्या टीमला. सगळं टीव्हीवर जाणार."

"म्हणजे आम्ही आनंदाने देतोय असं."

"तसंच दिसणार." तो खोटं बोलला नाही.

"आणि नाही दिला तर?"

"तुला कुणी काही म्हणणार नाही. मला विचारतील."

धाकटी दारात उभी होती. मोठीने मुलाच्या मनगटाकडे पाहिलं, तिथे नव्या कामाचं निळं ओळखपत्र गुंडाळलेलं होतं, आणि म्हणाली, "देते." तेव्हा धाकटीचा हात वर गेला.

आता बोगद्याच्या तोंडाशी उजेड फुटला, ढोल वाजले, आणि प्रकल्पबाईने पाठीवर हलकेच थोपटलं. चला. मोठी चालू लागली. दोन्ही बाजूंनी माणसांच्या भिंती, आवाज असा की आवाजच नाही. टाचांत थरार. आली गं आली, पाळी सुरू झाली. गवत मऊ होतं; तिला बूट काढावेसे वाटले. समोर अवाढव्य पडदा, त्यावर एक म्हातारी चालतेय. तिच्या हनुवटीवरचा केससुद्धा दिसत होता. हा सकाळी उपटायला हवा होता, तिच्या मनात आलं. मध्यरेषेजवळ पहिल्या रांगेत जुन्या विणकरणी बसवलेल्या, सगळ्यांना पिवळ्या टोप्या. साचेखात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होतं तेवढंच अंतर. धाकटी आली होती. टोपी तिने गुडघ्यावर ठेवली होती आणि हात तोंडावर.

कप्तान पुढे आला, पोरगेलासा, कान लाल झालेले. त्याने दोन्ही हात पसरले. कर्ण्यांमधून गोड आवाज सुरू झाला. मोठीने ओठ हलवले.

"आम्ही विणलेला वारसा आज आम्ही तुमच्या हाती सोपवत आहोत..."

— हा धोटा माझा आहे. मी देत नाही.

पिवळ्या टोप्यांच्या रांगेत एक टोपी हलली. मग दुसरी.

"अनेक वर्षांच्या शांततेनंतर या भूमीला पुन्हा जीवन मिळत आहे..."

— आम्ही इथेच होतो. मेलो नव्हतो. बाळा, तुझ्यावर राग नाही हो, तू चांगलं खेळ. आणि त्या धोटूला कुणीतरी पाणी पाजा, आत माणूस आहे.

रांग हसली. रांगच नव्हे, पलीकडच्या वरच्या कट्ट्यावर कुठेतरी, डाव्या कोपऱ्यात कुठेतरी, जिथे जिथे साचेखात्यातलं कुणी नातवंडांबरोबर येऊन बसलं होतं तिथे तिथे हसू फुटलं, आणि शेजारचे विचारू लागले, काय झालं, काय झालं. पडद्यावर म्हातारीचं तोंड दरवाजाएवढं उघडत होतं आणि मिटत होतं, आणि गोड आवाज त्याच्याशी जुळत नव्हता, हे आता कुणालाही दिसत होतं.

"आमच्या घरांनी आनंदाने वाट करून दिली आहे..."

— पंखा चालू होता. सभेत पंखा चालू होता. आम्ही सगळ्या जणी नाही म्हणालो. मीही म्हणाले. ही माझी बहीण उभी राहून म्हणाली.

गोड आवाज संपला. इथे संगीत सुरू व्हायचं होतं, मग फटाके. संगीत सुरू झालं नाही. मोठीचे ओठ थांबले नाहीत. लोक ऐकायला गप्प झाले, कारण काहीतरी चाललेलं दिसत होतं आणि ऐकू येत नव्हतं. गप्प झालेल्यांनी बाकीच्यांना गप्प केलं. एवढी माणसं आणि टाचांत काही नाही. थरार थांबला. साचे बंद पडल्यावर व्हायची तशी ती शांतता, कानांना दुखणारी. कप्तानाचे हात तसेच पसरलेले. बोगद्याच्या तोंडाशी प्रकल्पबाई हाताने खुणावत होती, द्या ना, द्या. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि मोठीला तिची दयाही आली. पण धोटा तिने उलट पोटाशी ओढला. भोक तिच्या अंगठ्याखाली आलं. किती तोंडं लागली होती याला.

वर काचेच्या खोलीत मुलगा उभा होता. इथून नखाएवढा दिसत होता. तो दोन बहिणींच्या घरात वाढला होता, दुधाबरोबर ओठ वाचायला शिकला होता. लहानपणी मनातलं लपवायला तोंडात बोट घालून बसायचा. मोठीने मान वर केली.

— तुला वाचता येतंय हे मला माहीत आहे. तुझं काम गेलं तर मी जबाबदार. रागाव, पण वाच.

तो टेबलावरच्या सरकपट्ट्यांवर वाकला.

मग मध्यरेषेजवळ धाकटी उठली. पिवळी टोपी गुडघ्यावरून खाली घरंगळली. तिने बहिणीकडे पाहिलं, डोळ्यात डोळे घालून, आणि तोंडावरचा हात काढला. आठवड्याभराने तिचे ओठ दिसले. ती पूर्वीसारखीच बोलली, दात दाखवून, भुवया उडवून, जणू साचा मध्ये आहे आणि जॉबर पाठमोरा आहे.

— अगं, ही सगळी बहिरी आहेत. यांना आवाजात सांग.

मोठीने धोटा काखेत मारला. घशात जुनी धूळ होती, ती हलली. तिने घसा खाकरला; आणि तो खरखरीत, दोन तुकडे होणारा खाकरा मैदानाच्या चारही बाजूंच्या कर्ण्यांमधून आला.